गूढ वाड्यांचे ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर: कुठून सुरू करायचे आणि कसे बघायचे

हल्ली बरेच जण विचारायलेत की ते जुने इंग्रजी ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, ज्यात मोठं घर असतं, बाहेर धुकं असतं, नवीन लग्न होऊन आलेली बाई असते आणि एक खोली कायम बंद असते, ते बघायचेत, पण कुठून सुरू करावं आणि वीस मिनिटात झोप येते त्याचं काय करावं. हे पिक्चर मला जीव की प्राण आहेत, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो.

हे सगळे एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्यांवरून निघालेत, तिकडं त्यांना गॉथिक रोमान्स म्हणतात. साचा साधारण ठरलेला. जुनं अवाढव्य घर, त्याचा मालक श्रीमंत, देखणा आणि कमी बोलणारा, बाहेरून आलेली एक साधी, बहुतेक वेळा आईबाप नसलेली मुलगी, आणि त्या घरात आधी घडून गेलेली अशी एक गोष्ट की जिच्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, भुताचे पिक्चर समजून बघायला बसलात तर निराश व्हाल. सासरचे पिक्चर समजून बसा. नवीन घरात चाव्या कुणाकडं आहेत, नोकरमाणसं कुणाचं ऐकतात, नवरा काय लपवतो आणि आपल्या आधी इथं कोण होतं, या चार गोष्टींवर नजर ठेवली की पिक्चर आपोआप उलगडायला लागतो. आपल्या मराठवाड्यात गावोगाव देशमुखांच्या, पाटलांच्या गढ्या आहेत, निम्म्या पडलेल्या, बुरुजावर बाभळी उगवलेल्या. तसल्या गढीत सोळा-सतरा वर्षांची पोर सून म्हणून आली आणि मोठा दरवाजा मागं बंद झाला की तिला कसं वाटलं असेल, एवढं डोक्यात ठेवा, इंग्लंडमधली घरं लगेच ओळखीची होतील.

आधी बघायची तयारी, कारण निम्मे लोक इथंच चुकतात. पिक्चर शोधताना नुसतं नाव टाकू नका, साल टाका. एकाच कादंबरीवर पाच-सहा पिक्चर असतात आणि सर्च केलं की नवीन रंगीत व्हर्जन आधी येतं. ‘रिबेका’ टाकलं तर २०२० चा रंगीत येईल, तुम्हाला पाहिजे १९४० चा. जुन्या पिक्चरला नंतर कॉम्प्युटरवर रंग भरलेली प्रिंट मिळाली तर ती बघू नका, हात जोडून सांगतो. त्या लोकांनी सेटवर लाइट लावतानाच काळा, पांढरा आणि मधले पन्नास राखाडी असा हिशोब केलेला असतो, वरून रंग फासला की सावल्या मेल्याच. आणि रंग परवडत नव्हता म्हणून ब्लॅक अँड व्हाइट काढले असंही सरसकट नाही. ‘रिबेका’चा प्रोड्युसर डेव्हिड सेल्झनिकनं आदल्याच वर्षी, १९३९ ला, ‘गॉन विथ द विंड’ रंगीत काढला होता.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन विविड किंवा डायनॅमिक मोड असेल तर काढा, सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा. हालचाल गुळगुळीत करणारं एक सेटिंग असतं, ज्यानं कुठलाही पिक्चर सिरियलसारखा दिसतो, ते बंदच करा. चित्र स्क्रीनभर ताणू नका, १९५३ च्या आधीचे हे पिक्चर जवळपास चौकोनीच असतात, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येणारच, राहू द्या. दुपारी बघू नका, खिडकीतून ऊन आत आलं की राखाडी रंग दिसतच नाही. आणि आपल्याकडचा खास प्रॉब्लेम म्हणजे कूलर. मे महिन्यात कूलर चालू ठेवून हे पिक्चर बघणं अवघड आहे, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी हळू आवाजात होतात, कुजबुज, दूर वाजलेलं दार, वारा, आणि ते सगळं कूलरच्या घरघरीत जातं. हेडफोन लावा नाहीतर सरळ पावसाळ्यातल्या किंवा हिवाळ्यातल्या रात्री ठेवा. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, त्यात लाजायचं काही नाही, त्या काळातली मंडळी फार फास्ट बोलतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत. हे मी सहज म्हणत नाही, या पिक्चरमध्ये माहिती डायलॉगमध्ये कमी आणि फ्रेमच्या कोपऱ्यात जास्त असते, मान खाली गेली की सुटली.

सुरुवात ‘रिबेका’नंच करा. दुसरा पर्याय नाही. डॅफ्नी द्यु मॉरिएची कादंबरी १९३८ ची, पिक्चर १९४० चा, आल्फ्रेड हिचकॉकचा हॉलिवूडमधला पहिला, आणि त्याला त्या वर्षीच्या बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं. गोष्ट थोडक्यात अशी की एका श्रीमंत बाईची सोबतीण म्हणून नोकरी करणारी पोरगी मॅक्झिम डी विंटर नावाच्या विधुराशी घाईत लग्न करते आणि त्याच्या मँडर्ली नावाच्या घरी येते, आणि तिथं त्याची मेलेली पहिली बायको रिबेका अजून राज्य करायलीय. रिबेका पूर्ण पिक्चरमध्ये एकदाही दिसत नाही, फोटोतसुद्धा नाही. आणि जी दिसते, जी जवळपास प्रत्येक सीनमध्ये आहे, त्या नव्या बायकोला नावच नाही. कादंबरीतही नाही, पिक्चरमध्येही नाही. हे माहीत असून बघितलं की अंगावर येतं.

काय बघायचं ते सांगतो. ती मँडर्लीत आल्यावर सकाळी लिहायच्या टेबलाशी बसते आणि फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी मिसेस डी विंटर आहेत का विचारतं आणि ही पटकन सांगून टाकते की तुमची काहीतरी चूक झाली, त्यांना जाऊन वर्ष झालं. मग तिच्या लक्षात येतं की मिसेस डी विंटर आता आपणच आहोत. एवढुसा सीन आहे, कुठलंही म्युझिक बडवलेलं नाही, पण नवीन सुनेची सगळी अवस्था त्यात आली. त्याच टेबलावर रिबेकाच्या वस्तू, त्यावर तिच्या नावाचं मोठं आर. ते आर किती ठिकाणी येतं ते बघत राहा, वहीवर, रुमालावर, उशीवर. शेवटपर्यंत सोडू नका, शेवटच्या क्षणालासुद्धा तेच अक्षर आहे.

मग हाउसकीपर मिसेस डॅनव्हर्स. ज्युडिथ अँडरसननं हे काम केलंय आणि या एका कामासाठी पिक्चर दहादा बघावा. ती चालत येताना जवळजवळ दिसतच नाही, ही मान वळवते आणि डॅनव्हर्स शेजारी उभी. हिचकॉकनं हे मुद्दाम केलं होतं, तिला चालताना दाखवलं तर ती माणूस वाटेल म्हणून. तिच्या पापण्यांकडं लक्ष द्या, लवत नाहीत. रिबेकाच्या खोलीतला सीन आला की पिक्चर मागं घेऊन परत बघा. डॅनव्हर्स त्या पोरीला मालकिणीच्या वस्तू दाखवते, कपाटातला फरचा कोट काढते आणि त्याची बाही आधी स्वतःच्या आणि मग हिच्या गालावरून फिरवते, ड्रेसिंग टेबलाशी बसवून केस विंचरल्याची नक्कल करते, शेवटी पलंगावरचा झिरझिरीत नाइटगाऊन उचलून त्यात हात घालते आणि म्हणते बघा माझा हात आरपार दिसतो. ती एकदाही ओरडत नाही, धमकी देत नाही, प्रेमानं बोलते, आणि ही बिचारी भिंतीकडं सरकत जाते. मागं जाळीच्या पडद्यातून येणारा उजेड बघा. जॉर्ज बार्न्स नावाच्या कॅमेरामनचं हे काम, त्यालाही ऑस्कर मिळालं.

अजून एक. समुद्रकाठच्या झोपडीत मॅक्झिम त्या जुन्या रात्री काय झालं ते सांगतो. आजचा कुठलाही डायरेक्टर असता तर फ्लॅशबॅक टाकला असता. हिचकॉक नुसता कॅमेरा फिरवतो. मॅक्झिम म्हणतो ती कोचावर होती, कॅमेरा रिकाम्या कोचावर. ती उठली, कॅमेरा उठतो आणि रिकाम्या जागेतून चालत जातो. बाई नाही, तरी बाई दिसते. (आता पुढची दोन वाक्यं पिक्चर बघून झाल्यावर वाचा.) कादंबरीत मॅक्झिमनं स्वतः गोळी घातलेली असते आणि पिक्चरमध्ये तो अपघात होतो, कारण तेव्हा हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड नावाची नियमावली होती, १९३४ पासून कडक लागू, आणि त्यात खून करून नवरा मोकळा सुटलेला दाखवायची सोय नव्हती. माझ्या मते यानं पिक्चरचं नुकसान झालं, कादंबरीतली बायको सगळं कळूनही त्याच्यासोबत राहते, ते जास्त भयंकर आहे.

‘रिबेका’ झाला की दुसऱ्याच रात्री ‘कोहरा’ लावा. १९६४ चा, हिंदी, ब्लॅक अँड व्हाइट, हेमंत कुमारांनी काढलेला, डायरेक्टर बिरेन नाग, याच कादंबरीवर बेतलेला. वहिदा रहमान नवीन सून, विश्वजीत नवरा, आणि डॅनव्हर्सच्या जागी कोण, तर आपल्या ललिता पवार. येवल्याला जन्मलेली बाई, म्हणजे वैजापूरच्या शेजारचंच गाव. आपल्या लोकांना त्यांची खाष्ट सासू माहितीय, पण इथं त्या आवाज चढवत नाहीत, थांबून थांबून बोलतात, आणि जास्त भीती वाटते. ‘कोहरा’त झपाटलेपण उघड आहे, दारं आपोआप हलतात, सावल्या फिरतात, ‘रिबेका’त असं काहीच नाही. दोन्ही पाठोपाठ बघितले की कळतं, एकाच गोष्टीत भूत घातलं की काय मिळतं आणि काय जातं. गाणी तर आहेतच, ‘ये नयन डरे डरे’ सगळ्यांना पाठ असतं, पण ‘झूम झूम ढलती रात’ पिक्चरमध्ये कुठं येतं ते बघा, नुसतं ऐकून त्याचा अर्ध्यानं पत्ता लागत नाही.

तिसरा ‘वदरिंग हाइट्स’, १९३९ चा, विल्यम वायलरचा. एमिली ब्राँटेची कादंबरी १८४७ ची. हा पिक्चर बघताना एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, यात कादंबरी साधारण अर्ध्यावर सोडून दिलीय, पुढच्या पिढीची सगळी गोष्ट गायब. कादंबरी वाचलेले लोक यावर चिडतात आणि बरोबरच आहे, कारण हीथक्लिफचा, म्हणजे नायिका कॅथीच्या घरात वाढलेल्या आणि तिच्यावर जीव असलेल्या अनाथ नायकाचा, खरा सूड त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, पिक्चरमधला हीथक्लिफ त्या मानानं फारच सोज्वळ प्रेमी झालाय. शेवटचा बर्फातला शॉटही वायलरला नको होता, प्रोड्युसर सॅम्युअल गोल्डविनच्या हट्टानं जोडला. तरी बघा, ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्यासाठी बघा, त्याच्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं आणि दोनच वर्षांनी त्यानं ‘सिटिझन केन’ शूट केला. मेणबत्ती हलली की भिंतीवरची सावली हलते, पुढचा माणूस आणि पार मागच्या दारातला माणूस दोघं एकदम स्पष्ट दिसतात. कॅथी स्वयंपाकघरात मोलकरीण नेलीशी बोलायलीय आणि दाराआड हीथक्लिफ ऐकतोय तो सीन नीट बघा, तो किती ऐकतो आणि कुठल्या वाक्याआधी निघून जातो, सगळी गोष्ट तिथं फिरते.

आणि यातली कॅथी, मर्ल ओबेरॉन. या बाईचा जन्म मुंबईचा, १९११ चा, कलकत्त्यात वाढलेली, आणि हॉलिवूडमध्ये आयुष्यभर सांगायला लागलं की मी टास्मानियाची, कारण भारतीय रक्त आहे म्हटलं असतं तर काम मिळालं नसतं. हीथक्लिफ कुठल्या रक्ताचा कुणाला माहीत नाही म्हणून त्याला तुच्छतेनं वागवणाऱ्या घरातली मुलगी ती साकारतेय, आणि स्वतःचं मूळ लपवून. हे समजल्यावर मला तिचे क्लोजअप पहिल्यासारखे बघताच आले नाहीत.

‘जेन एअर’ त्यानंतर. शार्लट ब्राँटे, एमिलीची मोठी बहीण, कादंबरी तीही १८४७ ची, आणि पिक्चर १९४३ चा, अमेरिकेत १९४४ ला लागला. जोन फाँटेन इथंही आहे, ‘रिबेका’तली बिननावाची पोरगी तीच, कॅमेरामनही तोच जॉर्ज बार्न्स, म्हणून हे दोन जवळजवळ ठेवले की मजा येते. जेन ज्याच्या घरी नोकरीला येते तो मालक रॉचेस्टर म्हणजे ऑर्सन वेल्स, धुक्यातून घोड्यावर येतो आणि सगळा पिक्चर खिशात घालतो, जेन जरा मागं पडते, ही माझी तक्रार आहेच. पण पहिली वीस-पंचवीस मिनिटं, जेनच्या लहानपणीची, अनाथ मुलींच्या शाळेतली, ती सोडू नका. तिथं कुरळ्या केसांची एक मैत्रीण आहे हेलन, शाळेचा संचालक तिचे केस कापायला लावतो, ती म्हणजे लहानपणीची एलिझाबेथ टेलर, टायटलमध्ये नावसुद्धा नाही तिचं. पिक्चरच्या सुरुवातीला पुस्तकाचं पान उघडून ओळी दाखवतात, त्या कादंबरीतल्या समजू नका, पिक्चरवाल्यांनी स्वतः लिहिल्यात. वरच्या मजल्यावर कोण आहे ते मी सांगणार नाही, एवढंच की तिचा चेहरा कॅमेरा धड दाखवत नाही, त्यामुळं आवाज आणि दार यांच्याकडं लक्ष ठेवा. बर्नार्ड हरमनचं म्युझिक, हेडफोनवर ऐकाच.

याचं हिंदी भावंड ‘संगदिल’, १९५२, दिलीपकुमार आणि मधुबाला. गोष्ट बरीच बदललीय, पण सज्जाद हुसेनचं म्युझिक आहे आणि तलतचं ‘ये हवा ये रात ये चांदनी’. तेवढ्यासाठी तरी.

आता माझा सगळ्यात लाडका, आणि आपल्या भागातल्या लोकांनी तर बघावाच असा, ‘ड्रॅगनविक’. १९४६, जोसेफ मॅन्कीविझचा डायरेक्टर म्हणून पहिला, अ‍ॅन्या सीटनच्या कादंबरीवरून. जीन टियर्नी शेतकऱ्याची पोरगी, व्हिन्सेंट प्राइस तिचा लांबचा नातेवाईक, न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठचा बडा जमीनदार. गोष्ट १८४० च्या दशकातली. तिथं तेव्हा डच काळापासूनचे जमीनदार होते, जमीन त्यांची, कसणारे पिढ्यानपिढ्या कुळंच, आणि कुळांनी खंड द्यायचा नाही म्हणून खरंखुरं आंदोलन झालं होतं. पिक्चरमध्ये जमीनदार बापजाद्यांच्या कोरीव खुर्चीवर उघड्यावर बसतो आणि कुळं एकेक करून खंड आणून ठेवतात. एकजण नाही म्हणतो, तेव्हा त्या जमीनदाराचा चेहरा बघा, रागापेक्षा त्याला कळतच नाहीये की असं कुणी म्हणू कसं शकतं. निजामाच्या काळातल्या जहागिऱ्या, पोलीस अ‍ॅक्शन, मग १९५० चा हैदराबादचा कुळकायदा, हे ज्या घरांत बोललं गेलंय त्यांना तो सीन समजवायची गरज नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हा पिक्चर दाखवा, सीन थांबवून विचारा, जे ऐकायला मिळेल ते पिक्चरपेक्षा भारी असतं. बायकोच्या खोलीत एक फुलझाड आहे, कन्हेर, आपल्या अंगणात असते तीच. मी एवढंच बोलतो.

‘द इनोसंट्स’ मात्र एकदम शेवटी ठेवा. १९६१, जॅक क्लेटन, हेन्री जेम्सच्या १८९८ च्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वरून, डेबोरा कर दोन मुलांना सांभाळायला आलेली गव्हर्नेस. प्रेमकथा म्हणून यात फार थोडं आहे, ज्या मालकानं नोकरी दिली त्याच्यावर तिचा जीव जडलाय आणि तो पुन्हा येतच नाही. सुरुवातीला स्क्रीन काळी राहते आणि एका मुलीचं गाणं चालू असतं, तेव्हा टीव्ही बिघडला म्हणून उठू नका, तसंच आहे ते. हा पिक्चर रुंद आहे, वर-खाली पट्ट्या येतील. कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसनं फिल्टरच्या कडा रंगवून चित्राच्या बाजू काळ्या केल्या होत्या, त्यामुळं मधे उजेड आणि कडेला काहीतरी आहे की नाही कळत नाही. तळ्यापलीकडं लव्हाळ्यात भर दिवसा एक काळ्या कपड्यातली बाई उभी असते, काहीच करत नाही, नुसती उभी. रात्रीच्या दहा भुतांपेक्षा ती जास्त लक्षात राहते. त्या गव्हर्नेसला हे खरंच दिसतं की भास होतो याचं उत्तर पिक्चर देत नाही, म्हणून हा एकट्यानं न बघता दोघांनी बघा आणि मग भांडा.

एवढं आवडलं तर ‘माय कझिन रेचल’ १९५२ चा आहे, परत द्यु मॉरिए, त्यात ऑलिव्हिया डी हॅविलंड म्हणजे जोन फाँटेनची सख्खी बहीण. ‘गॅसलाइट’ १९४४ चा नक्की बघा, कादंबरीवरून नाही, नाटकावरून आहे, पण घराणं हेच. मराठीत याच्या जवळ जाणारा राजा परांजपेंचा ‘पाठलाग’, १९६४, ज्याच्यावरून पुढं ‘मेरा साया’ निघाला, ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ त्यातलंच.

घरच्यांसोबत बघायचं असेल तर एक करा, सुरू करायच्या आधी पाच मिनिटं गोष्ट मराठीत सांगून टाका, शेवट सोडून. मराठी सबटायटल मिळायची शक्यता कमीच, आणि आई-आजीला इंग्रजी वाचत बसायला लावलं तर त्या उठून जातात. नाती समजली की त्यांना भाषा लागत नाही, मिसेस डॅनव्हर्स कशी बाई आहे हे त्यांना आपल्या आधी कळतं.

आणि कादंबरी आधी की पिक्चर आधी? ‘रिबेका’ आणि ‘ड्रॅगनविक’ला पिक्चर आधी चालतो, ‘जेन एअर’ला कादंबरी आधी, नाहीतर जेनच्या डोक्यात वेल्सचा आवाज बसतो आणि तिचा स्वतःचा आवाज हरवतो. ‘वदरिंग हाइट्स’ पिक्चरनंतर लगेच वाचायला घ्या, म्हणजे हीथक्लिफचं पुढं काय झालं ते कळेल.